क्रँकचं ऑइल सील जागचं हलेना! ओरखडा न पाडता काढायचं कसं?

वाघाडीकाठ (शनिवार, सकाळी ११:१२)

मंडळी, जरा घाईची मदत हवी आहे. गाडी २००८ ची वॅगन आर, ११०० सीसी, जुनं बेल्टवालं इंजिन. टायमिंग कव्हरच्या, म्हणजे बेल्टवरच्या झाकणाच्या, खालच्या कडेने ऑइल झिरपत होतं. बेल्ट तसाही बदलायला आला होता, म्हणून बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच काम काढलं. पुली निघाली, बेल्ट निघाला, क्रँकवरचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरचं, दातेरी चाकही निघालं. त्यामागचं, ऑइल बाहेर येऊ न देणारं सील मात्र ढिम्म.

रबर पार कडक झालंय. बाहेरची कड ऑइल पंपाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या केसमध्ये रुतून बसलीय, आतून क्रँक, आणि मधे पेचकसाचं टोक जेमतेम शिरेल एवढी जागा. यूट्यूबवर एक जण पेचकस घालून सरळ उचकटतो, दुसरा ड्रिल मारतो आणि खाली लोक त्याला शिव्या घालतात. नवीन सील आणून ठेवलंय. हुक, स्क्रू की हीट गन? स्वतः केलेल्यांनीच सांगा. गाडी स्टँडवर आहे आणि सोसायटीचे सेक्रेटरी येता-जाता मान हलवून जातायत.

कडकलक्ष्मी (११:२०)

सेक्रेटरींना एक पाना हातात द्या. पुन्हा फिरकणार नाहीत.

घाटवळण (११:२६)

खरं सांगू का? चाकं लावा, टो करून गॅरेजला न्या. सील शंभर-दोनशेचं, पण क्रँकवर चरा पडला तर अख्खं इंजिन उतरवायची वेळ येईल. प्रत्येक गोष्ट घरी करायचा हा जो नवीन सोस आलाय तो मला कळत नाही. नाशकात मुंबई नाक्यापासून द्वारकेपर्यंत एवढे मेस्त्री बसलेत ते कशासाठी?

अंबडकर_फिटर (११:४१)

घाटवळण, टो करून कशी नेणार? पुली-बेल्ट सगळं उघडं आहे. शिवाय मेस्त्रीही हेच करणार, फक्त तुम्ही बघत नसताना.

वाघाडीकाठ, अंबडला मेंटेनन्सला आहे, गिअरबॉक्सची सीलं काढणं हे रोजचंच. पहिली गोष्ट, ते सील मेलेलंच आहे, त्याची दया करू नका. सांभाळायचं ते क्रँकला आणि केसला. म्हणून मी स्क्रूवाला.

सीलच्या तोंडावर, ओठ (क्रँकला टेकणारी आतली रबरी कड) आणि बाहेरची कड यांच्या बरोबर मधे, रबराखाली पत्र्याची कडी असते. तिथे टोच्याने खूण करा. दोन मिलिमीटरचं ड्रिल घ्या, टोकाला भरपूर ग्रीस फासा म्हणजे धातूचा कीस ग्रीसला चिकटतो, आत पडत नाही. ड्रिलला टेप गुंडाळून खोली बांधून घ्या. पत्रा फुटला की हाताला लगेच कळतं, तिथेच थांबायचं. समोरासमोर दोन भोकं. त्यात पत्र्याचे छोटे स्क्रू, तीन-चार आटेच बसवायचे. मग पक्कडीने स्क्रू धरून, पक्कडीखाली लाकडाची पट्टी ठेवून, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने उचलायचं. एकाच बाजूने ओढलं तर सील तिरकं होऊन आणखी आवळतं.

निवृत्त_निदेशक (१२:०५)

अंबडकरांची पद्धत चुकीची नाही, पण नवख्या हातात ड्रिल देण्याच्या मी विरोधात आहे. आयटीआयमध्ये मुलांना शिकवताना पहिला नियम हाच होता की उघड्या इंजिनाजवळ कीस करणारं काम शेवटी, बाकीचं सगळं करून झाल्यावर. ग्रीसने सगळा कीस धरला जातो हा भ्रम आहे. आणि स्क्रू जरा जास्त फिरला की मागच्या अ‍ॅल्युमिनियमवर टेकतो. काही जण तर मुद्दाम तसा टेकवून सील वर उचलतात. सील येतं, केसच्या आत खड्डा राहतो.

आधी हुकवाला पुलर वापरून बघा. हुक क्रँकला समांतर आत सरकवायचा, ओठाच्या पलीकडे गेला की फिरवून टोक सीलकडे करायचं. टोक क्रँककडे कधीही नाही. आणि हुक व क्रँक यांच्यामध्ये आडोसा हवा. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीची पट्टी कापून क्रँकभोवती गुंडाळा, फुकटात होतं.

पुणेरी_पाहुणा (१२:११)

पुण्यात असतं तर सीलच्या बाहेर पाटी लावली असती, "कृपया स्वतःहून बाहेर यावे."

कडकलक्ष्मी (१२:१४)

आणि सील म्हणालं असतं, १ ते ४ बंद.

स्नेहल_सिडको (१२:३२)

दादा, एक मूळ प्रश्न. सीलच गळतंय याची खात्री केली होतीत का? टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग गळालं की ऑइल इंजिनाच्या अंगावरून ओघळत बरोबर टायमिंग कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात जमतं. कॅमचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या दांड्याचं, सील गळालं तरी तेच. पंख्याचा वारा ते आणखी पसरवतो. खालून बघणाऱ्याला वाटतं क्रँकचं सील गेलं.

माझ्या गाडीला एका गॅरेजने क्रँकचं सील बदलून पैसे घेतले आणि गळती होती तशीच राहिली. शेवटी मीच इंजिन डिझेल-ब्रशने धुऊन कोरडं केलं, सांध्यांवर टाल्कम पावडर मारली आणि गंगापूर धरणापर्यंत जाऊन आले. पावडरवर पहिला ओला पट्टा टॅपेट कव्हरखाली उमटला होता.

वाघाडीकाठ (१२:४५)

स्नेहलताई, पावडर नाही मारली. पण चाक काढल्यावर सीलच्या खालच्या अर्ध्या भागावर ताजं ऑइल होतं आणि ओठाला बारीक भेगा दिसतायत. कॅमचं सीलही ओलसर आहे, ते पण आणलंय. टॅपेट कव्हर वरून कोरडं वाटतंय, मागची बाजू नीट दिसत नाही.

सर, बाटलीची पट्टी कापली. हुकवाला पुलर शेजारच्या बिल्डिंगमधला एक मुलगा आणून देतोय.

निफाडचा_बागायतदार (दुपारी १:१०)

आमच्याकडे ट्रॅक्टरच्या पीटीओचं (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचं) आणि पुढच्या हबचं सील म्हणजे दर हंगामाचं दुखणं. चिखल, पाणी, औषधाचे फवारे, कड गंजून बीडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, धरून बसते. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारणीचा ट्रॅक्टर एक दिवस उभा करायची सोय नसते, म्हणून रात्रीच काम करावं लागतं. संध्याकाळी सीलच्या बाहेरच्या कडेला डिझेल सोडून ठेवायचं आणि जेवण करून यायचं. गंज असेल तर फरक पडतो. शेतातला माणूस पंच घेऊन सीलच्या एका कडेवर हाणतो, ते आत तिरकं होतं, मग दुसरी कड बाहेर येते, ती पक्कडीत धरून ओढायची. झटक्यात काम.

अंबडकर_फिटर (१:१८)

भाऊ, ट्रॅक्टरच्या हबला चालेल, या गाडीला करायला सांगू नका. आत हाणायचं तर सीलमागे मोकळी जागा पाहिजे. इथे मागे केसचा काठ असेल तर हातोडीचा सगळा मार अ‍ॅल्युमिनियमवर जाणार. आणि सीलच्या ओठामागे जी बारीक स्प्रिंग असते ती उडून आत गेली तर पंपाखालचं ऑइलचं चेंबर उघडावं लागेल.

निफाडचा_बागायतदार (१:२४)

ते बरोबर. स्प्रिंगचं लक्षात नव्हतं आलं. आमच्या हबमध्ये स्प्रिंग पडली तर हात घालून काढतो.

सूक्ष्ममापी (१:५५)

हीट गनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. धरा बोअर, म्हणजे सील बसतं ते केसचं भोक, ५० मिलिमीटरचा. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन फुगतं, पोलाद १२. केस ६० अंशांनी तापवली तर बोअर ६९ मायक्रॉनने मोठा होतो आणि सीलची पोलादी कडी ३६ ने. फरक ३३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा तिसावा भाग. सील याहून बरंच जास्त दाबून बसवलेलं असतं, त्यामुळे नुसतं तापवून ते गळून पडेल अशी आशा नको. पण पकड सैल होते आणि कडकलेलं रबर मऊ पडतं, त्याचा फायदा जास्त.

निफाडकरांच्या बीडाच्या हबला मात्र याचा उपयोग नाही. बीड आणि पोलाद जवळपास सारखंच फुगतं.

उघडी ज्योत चुकूनही नको. आजूबाजूला ऑइल आहे, पेट्रोलची नळी आहे. शिवाय तपकिरी सील बऱ्याचदा वायटॉनचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या फ्लोरिनयुक्त रबराचं असतं. ते नेहमीच्या वापरात २०० अंशांपर्यंत टिकतं, पण जाळलं तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघतो. तो वायू आणि जळालेल्या रबराचा चिकटा दोन्ही घातक. हीट गन केसवर फिरवत राहा, एका जागी रोखून धरू नका.

घाटवळण (२:०३)

हे वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. गॅरेजला द्या.

कडकलक्ष्मी (२:०५)

घाटवळण, तुमचं मत त्या सीलपेक्षा घट्ट बसलंय.

घाटवळण (२:१५)

हसा. पण गॅरेजची दुसरी बाजूही बघा. मेस्त्रीच्या हातून बिघडलं तर तो भरून देतो. निदान चांगला मेस्त्री देतो. पार्किंगमध्ये तुमचं तुम्हाला.

स्नेहल_सिडको (२:२२)

भरून देतो हे मान्य, पण आधी चरा पडलाय हे त्याने सांगायला हवं ना. सहा महिन्यांनी पुन्हा गळायला लागलं की "ताई, गाडी जुनी झाली" एवढंच ऐकायला मिळतं.

नवा_हात (२:४०)

इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. माझी गाडी सकाळी सुरू केली की निळा धूर सोडते, मग थांबतो. मेस्त्री म्हणतो इंजिन काम. हेही ऑइल सीलच असतं का?

निवृत्त_निदेशक (३:०२)

असू शकतं. व्हॉल्व्हच्या दांड्यावर छोटी सीलं असतात, ती कडक झाली की गाडी उभी असताना ऑइल थेंबथेंब खाली उतरतं आणि सकाळी जळतं. परीक्षा करायची तर कसारा घाट अ‍ॅक्सिलरेटर सोडून, गिअरमध्ये उतरा. खाली आल्यावर पाय दाबला आणि मागे निळा लोट दिसला तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं. उतारावर इनटेकमध्ये निर्वात वाढतो आणि ऑइल ओढलं जातं. उलट चढावर, जोर पडताना सतत धूर असेल तर पिस्टनच्या रिंगांकडे बघावं लागेल.

हेड न उतरवताही ती बदलता येतात. प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, टोक बाहेर ठेवायचं आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरीची गादी होते, व्हॉल्व्ह खाली पडत नाही. मग स्प्रिंग दाबून लॉक काढायचे. सील लांब चोचीच्या पक्कडीत धरून आधी जरा फिरवायचं, चिकटलेलं सुटतं, मग सरळ वर. बाजूने उचकटलं तर व्हॉल्व्ह गाइडला मार बसतो.

नवा_हात (३:०८)

सर, दंडवत. उद्याच घाट उतरून बघतो.

पुणेरी_पाहुणा (३:१०)

घाट उतरणार म्हणजे वर यायचंही आहे हे ध्यानात असू द्या.

वाघाडीकाठ (४:३५)

प्रगती सांगतो. हीट गनने केस तापवली, हात लावला की झटकन मागे घ्यावा इतकी. हुक सरांनी सांगितला तसा घातला. ओठ फाटून बाहेर आला, स्प्रिंगसकट. म्हणजे स्प्रिंग हातात आहे, आत नाही. पण पोलादी कडी तिथेच. हुकाला आता धरायलाच काही उरलं नाही. बाटलीच्या पट्टीवर दोन-तीन लांब रेघा दिसतायत, त्या क्रँकवर पडल्या असत्या.

आता काय?

अंबडकर_फिटर (४:४२)

आता सरांची परवानगी असेल तर ड्रिल.

निवृत्त_निदेशक (४:५०)

परवानगी आहे. पण क्रँक आणि कडी यांच्यामधली फट ग्रीस लावलेल्या फडक्याने गच्च भरा आणि फडक्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा, आत विसरायला नको. मोठं ड्रिल मशीन नको. हातात फिरवायचं छोटं पिन-व्हाइस मिळालं तर उत्तम, कीस कमी आणि ताबा जास्त.

अंबडकर_फिटर (४:५४)

+१. आणि चुंबक जवळ ठेवा. कडी पोलादाची, केस अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे चुंबकाला जे लागेल ते ड्रिलचंच. फडकं काढायच्या आधी चुंबक फिरवा, नंतर नको.

आणखी एक. बेल्ट नसताना क्रँक किंवा कॅम फिरवू नका. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात. खुणा जुळवलेल्या आहेत ना?

वाघाडीकाठ (४:५८)

खुणा जुळवून, पांढरा रंग लावून, फोटो काढून मगच बेल्ट काढलाय.

मायको_सर्कल (५:२०)

उशिरा आलो. सील कुठून आणलंत ते कुणी विचारलं नाही. बेअरिंगच्या दुकानात आकड्यांवर सील मिळतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तीन आकडे जुळले की लोक खूश. पण क्रँकच्या काही सीलांच्या ओठावर आतून तिरक्या बारीक रेघा असतात, त्या फिरण्याच्या दिशेने ऑइल आत ढकलतात. पुढच्या आणि मागच्या सीलची दिशा उलटी असते. उलट्या दिशेचं बसलं तर नवं कोरं सील पहिल्या दिवसापासून गळतं. तोंडावर बाण आहे का बघा. शिवाय साधं नायट्राइल रबर इंजिनाच्या उष्णतेत लवकर कडकतं. कंपनीचा पार्ट नंबर बघूनच घ्या.

वाघाडीकाठ (५:२६)

पार्ट नंबरवरच आणलंय. बाण आहे.

सूक्ष्ममापी (५:३१)

जुनं किती आत बसलं होतं ते व्हर्नियरने मोजून ठेवलंय का? निघाल्यावर कळणार नाही.

वाघाडीकाठ (५:३३)

हो. केसच्या तोंडाशी सपाट नाही, किंचित आत होतं.

वाघाडीकाठ (७:४०)

निघालं!!!

दोन्ही भोकं सील पूर्ण गरम असतानाच मारली. पत्रा फुटताना खरंच हाताला कळतं, एक बारीक "कट्" होतं आणि ड्रिल मोकळं फिरतं. स्क्रू लावले, लाकडाची पट्टी, पक्कड, आळीपाळीने. पहिल्यांदा स्क्रूच उपटून आला. मग त्याच भोकात एक नंबर मोठा स्क्रू लावला आणि खालच्या बाजूने कट्कन् सुटलं.

हट्टाचं कारणही सापडलं. आधी कुणीतरी सील बसवताना बाहेरच्या कडेला राखाडी सिलिकॉन पेस्ट थापली होती. अर्धा वेढा केसला चिकटलेला होता, तो प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला. गाडी मी सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे कुणाचे उपकार ते माहीत नाही. फडक्यात थोडा कीस होता, चुंबकाने घेतला. केसला ओरखडा नाही.

पण क्रँकवर जिथे ओठ फिरायचा तिथे एक चकचकीत वर्तुळ दिसतंय. नख फिरवलं की अगदी पुसटसं लागतं. हे चालेल का?

कडकलक्ष्मी (७:४३)

अभिनंदन! सेक्रेटरींना पेढे.

अंबडकर_फिटर (७:५२)

वा! पेस्ट लावायची सवय फार लोकांना आहे. बाहेरून रबर चढवलेल्या सीलला तिची गरजच नसते. जादा पेस्ट आत गेली तर ऑइलच्या जाळीत जाऊन बसते, ते वेगळंच.

चकचकीत वर्तुळ नेहमीचं. नख अडकत असेल तर काळजी. पुसटसं असेल तर नवीन सील जुन्यापेक्षा एखादा मिलिमीटर बाहेर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर फिरेल. तुमचं जुनं किंचित आत होतं म्हणताय, म्हणजे तोंडाशी सपाट आणलं की काम झालं. आधी दातेरी चाक चढवून बघा, सीलला घासत नाही ना.

निवृत्त_निदेशक (८:१०)

क्रँक पुसायला एमरी वापरणार असाल तर हजार नंबरचा, ऑइल लावून, आणि वर्तुळाच्याच दिशेने. उभा-आडवा घासला तर त्या रेघांतूनच ऑइल बाहेर येईल. खोल खाच असती तर वर पातळ स्लीव्ह चढवता येते, तुम्हाला इतक्यात गरज दिसत नाही.

बसवताना क्रँकवरच्या, दातेरी चाक अडकवणाऱ्या चावीच्या खाचेवर टेप लावा, तिची धार नवीन ओठ कापते. ओठाला इंजिन ऑइल लावा. ओठामागच्या खोबणीत थोडं ग्रीस भरा, ठोकताना स्प्रिंग उडत नाही. सील पांढऱ्या-करड्या टेफ्लॉन ओठाचं असेल तर मात्र काही लावायचं नाही, ती कोरडी बसवतात. बाहेरच्या कडेएवढा पीव्हीसी पाइप घ्या, तोंड सरळ कापा आणि हलक्या हाताने सगळीकडून सारखं ठोका.

सूक्ष्ममापी (८:२२)

सील का गेलं याचाही विचार करा. वयाने कडकलं हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह, क्रँककेसमधला (क्रँक फिरतो त्या पोटातला) वायू इनटेककडे सोडणारी छोटी झडप. तो चोंदला की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि सगळ्यात दुबळ्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. काढून कानाशी हलवा, आत खुळखुळ वाजायला हवी. वाजत नसेल तर नवीन सीलही जास्त दिवस टिकणार नाही.

घाटवळण (८:४०)

मानलं. तरी फ्लायव्हीलकडचं, म्हणजे क्रँकच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचं, सील असतं तर गिअरबॉक्स उतरवायला पार्किंग पुरलं नसतं, एवढं मान्य करा.

अंबडकर_फिटर (८:४४)

मान्य. पूर्ण मान्य. आणि तिथेही आधी वास घेऊन बघायचा. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. लोक विनाकारण क्रँकचं बदलतात.

गोदाकन्या (९:०५)

विषय सोडून एक विनंती. काढलेलं काळं ऑइल पार्किंगच्या नालीत सोडू नका. ती नाली नासर्डीला जाते, नासर्डी गोदेला. २०२७ च्या सिंहस्थासाठी एकीकडे नदी साफ करायची म्हणतो आणि दुसरीकडे हे.

पुणेरी_पाहुणा (९:११)

याला म्हणतात धाग्याची गोदापरिक्रमा.

वाघाडीकाठ (९:१८)

गोदाकन्या, कॅनमध्ये भरून ठेवलंय. जळकं ऑइल घेणारा माणूस आमच्या भागातल्या गॅरेजवर येतो, त्याला देणार.

पीसीव्ही काढून हलवला. मुका आहे. उद्या नवीन.

वाघाडीकाठ (पुढचा रविवार, संध्याकाळी ६:३०)

कॅमचं सील आधीच्यापेक्षा सोपं गेलं, नुसत्या हुकाने आलं. दोन्ही नवीन बसवली, बेल्ट, पीसीव्ही, सगळं झालं. आज इगतपुरीपर्यंत जाऊन आलो, वाटेत थांबून खाली कागद टाकून बघितला. क्रँककडची बाजू कोरडी. पण टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे), ओला पट्टा आहे. स्नेहलताई, तुमची पावडर मारली होती, तीवरच दिसला.

स्नेहल_सिडको (६:४१)

म्हणजे दोन्हीकडून गळत होतं. ते पॅकिंग स्वस्त आहे आणि काम अर्ध्या तासाचं. फक्त जुनं काढताना हेडच्या कडेवर पेचकस लावू नका, तिथेही अ‍ॅल्युमिनियमच आहे. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने टपला मारा. खोबण फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा. आणि बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळा. लोक ते जोरात आवळतात, कव्हर वाकतं आणि मग नवीन पॅकिंगही गळतं.

वाघाडीकाठ (६:४४)

पॅकिंगला पेस्ट लावायची का?

स्नेहल_सिडको (६:४६)

जिथे कॅमजवळ सांधा येतो त्या कोपऱ्यांत मुगाएवढा ठिपका. बाकी कुठेही नाही!